मद्यासक्तांचे आकस्मिक मृत्यू आणि जीवरासायनिक तपासणी

पवना नदीकाठचे थेरगाव हे एकेकाळी शेतकऱ्यांचे गाव. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढे भोसरी, चिंचवड, चाकण असा औद्योगिक पट्टा वाढत गेला. आज थेरगाव पिंपरी-चिंचवड महानगराचा भाग असून, दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेले अनेक कामगार तेथे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. अशा वस्तीत एकटा राहणारा, मद्याच्या आहारी गेलेला एखादा इसम सकाळी खोलीत मृतावस्थेत आढळला, तर "दारूने गेला" एवढेच उद्गार निघतात. मात्र तो नेमका कशाने गेला, हा प्रश्न त्याच्या कुटुंबाच्या दृष्टीने आणि समाजाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे.

मृत्यूचे दडलेले कारण

अशा प्रसंगी पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो व शवविच्छेदन केले जाते. पुष्कळदा यकृतात साठलेल्या चरबीखेरीज ठळक असे काही आढळत नाही. रक्तात मद्याचा अंशही अत्यल्प असतो किंवा मुळीच नसतो. मग कारण अनिर्णित राहते. अशा काही मृत्यूंच्या मुळाशी मद्यजन्य कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे कीटोन द्रव्यांमुळे रक्तात वाढलेली आम्लता, असते. मधुमेह नसलेल्या मद्यपी रुग्णांतील या विकाराचे वर्णन वैद्यकाने १९४० साली प्रथम नोंदविले.

हा विकार जडतो कसा? मनुष्य अनेक दिवस सतत मद्य घेतो व जेवण टाळतो. पुढे उलट्या सुरू होतात, पोट दुखू लागते आणि मद्यही पोटात ठरत नाही. यकृतातील साखरेचा साठा संपतो. मद्याचे पचन करण्यात गुंतलेले यकृत नवी साखर तयार करू शकत नाही. तेव्हा शरीर चरबी जाळू लागते व त्यातून कीटोन द्रव्ये निर्माण होतात. त्यांतील प्रमुख द्रव्य म्हणजे बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट. त्याचे प्रमाण वाढत गेल्यास रक्त आम्लधर्मी होते, श्वास जलद व खोल चालतो आणि वेळीच उपचार न मिळाल्यास प्राणावर बेतते.

तपासणीची पद्धती

व्हिसेऱ्याच्या रासायनिक तपासणीचा मुख्य हेतू विषाचा शोध हा असतो. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. त्यामुळे असा शोध किती आवश्यक आहे, हे सांगावयास नको. परंतु विष नाही असा अहवाल आला म्हणजे कारण सापडले असे होत नाही. कीटोन द्रव्यांची मोजणी हा नेहमीच्या तपासणीचा भाग नसल्याने वैद्यकीय अधिकाऱ्याने ती मुद्दाम मागावी लागते. त्यासाठी सोडियम फ्लोराइड घातलेल्या नळीत रक्ताचा नमुना आणि डोळ्यातील जेलीसारखा पारदर्शक द्रव जतन करावा लागतो. हा द्रव बंदिस्त असल्याने तो उशिरा कुजतो.

रक्तात लिटरमागे २५० मिलिग्रॅमहून अधिक बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट आढळल्यास ते गंभीर मानले जाते. लघवी तपासण्याच्या साध्या पट्टीवर मात्र हे द्रव्य उमटत नाही. म्हणून पट्टीवर विसंबून चालत नाही. डोळ्यातील द्रवात साखर फार जास्त असेल, तर मधुमेहाकडे निर्देश होतो. मृत्यूनंतर ही साखर घटत जात असल्याने ती कमी आढळल्यास त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. या विकारात शरीरातच अ‍ॅसिटोनपासून आयसोप्रोपिल अल्कोहोल तयार होऊ शकते. ते आढळले म्हणून कोणी विष पाजले असा संशय घेणे अन्यायाचे ठरेल. उपासमार व अतिशीत यांमुळेही कीटोन द्रव्ये वाढतात. यास्तव केवळ एका आकड्यावर न थांबता सर्व परिस्थितीचा एकत्र विचार करणे आवश्यक असते.

आपले कर्तव्य

ही परिस्थिती प्रयोगशाळेला कोण सांगणार? ते पंचनाम्यानेच सांगावयाचे असते. मृताने शेवटचे अन्न केव्हा घेतले, पिणे केव्हा थांबले, खोलीत उलटीच्या खुणा होत्या काय, मधुमेहाची औषधे होती काय, या चार गोष्टी नोंदल्या गेल्या तर वैद्यकीय अधिकाऱ्यास योग्य नमुने घेण्याची दिशा मिळते. थेरगावसारख्या शहरी वस्तीतील पंचांनी, तसेच शेजारच्या मुळशी व खेड तालुक्यांतील पोलीस पाटील व ग्रामपंचायत सदस्यांनी याची जाणीव ठेवावी.

त्याहून मोठी गोष्ट अशी की, हा विकार बरा होणारा आहे. थायमिन, ग्लुकोज व सलाइन वेळेवर मिळाल्यास बहुतेक रुग्ण थोड्या अवधीतच सावरतात. अनेक दिवस प्यायलेला माणूस जेवत नाही, सारखा ओकतो आहे आणि त्याला धाप लागली आहे, असे दिसल्यास "नशा उतरली की उठेल" म्हणून त्याला खोलीत एकटे सोडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शिक्षकांनी पालकसभांतून एवढे सांगितले तरी पुष्कळ होईल. मृत्यूचे खरे कारण कळल्याने गेलेला जीव परत येत नाही, परंतु त्यामुळे कुटुंबाच्या मनातील संशय फिटतो आणि शेजारच्या खोलीतील दुसरा जीव वाचविण्याचा मार्ग दिसतो.