शितावरून भात, थेंबावरून गाव

भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी कोणतीही गृहिणी सारे पातेले चाखून पाहत नाही. दोन शिते चिमटीत दाबते आणि गॅस बंद करते. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपण माणसांनाही लावतो. आज ती आरोग्याला लावून पाहू. गावातील स्त्रियांच्या रक्तातले हिमोग्लोबिन सरासरी किती आहे, हे प्रत्येकीचे रक्त न तपासता सांगता येईल का?

येते. मात्र शिते कशी निवडली, किती निवडली आणि उत्तर कोणत्या शब्दांत सांगितले, या तीन गोष्टींवर सारे अवलंबून आहे.

प्रश्न केवळ गणिताचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के होते. राज्यात या वयाच्या कोट्यवधी स्त्रिया असताना हा आकडा काही हजार स्त्रियांच्या बोटातील थेंबांवरून काढलेला आहे. "एवढ्याशा तपासणीवरून साऱ्या राज्याचे काय कळणार?" असे मला अनेकजण विचारतात. कळते, आणि ते कसे कळते हे समजले की आपल्या गावाचे रक्तही आपल्याला मोजता येईल.

शिबिराची सरासरी का फसवते?

गावोगावी मोफत रक्ततपासणी शिबिरे होतात. शेवटी कार्यकर्ते सर्व आकड्यांची बेरीज करून सरासरी काढतात आणि ती गावाची सरासरी म्हणून जाहीर होते. इथेच गफलत होते.

शिबिराला येते कोण? ज्यांना थकवा जाणवतो, धाप लागते, त्या येतात. त्यामुळे सरासरी खऱ्यापेक्षा कमी दिसू शकते. उलट, रोजंदारी बुडेल म्हणून शेतमजूर बाई येत नाही, सासरच्या परवानगीवाचून नवी सून येत नाही आणि जिला उठवतच नाही तीही येत नाही. त्यामुळे सरासरी खऱ्यापेक्षा जास्तही दिसू शकते. चूक कोणत्या बाजूला झाली हे नुसत्या आकड्यांकडे पाहून सांगता येत नाही. अशा सरासरीवरून "आमच्या गावात रक्तक्षयाचा प्रश्न नाही" असा निष्कर्ष निघाला, तर घरी राहिलेल्या त्या बाईचा विचार कोणीच करणार नाही.

भाताच्या पातेल्यात आच सगळीकडे जवळपास सारखी लागते, म्हणून कोणतेही शीत चालते. गावात आच सारखी लागलेली नसते. म्हणून निवड चिठ्ठीवर सोपवावी लागते.

चिठ्ठी कशी टाकावी?

मतदार यादीत वय दिलेले असते. समजा, तिच्यातून १८ ते ४९ वयाच्या ७२० स्त्रिया निघाल्या आणि आपल्याला ३६ जणी तपासायच्या आहेत. ७२० भागिले ३६ म्हणजे २०. एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून एक उचलावी. सात आला, तर सातवी, सत्ताविसावी, सत्तेचाळिसावी अशी दर विसावी स्त्री घ्यावी. मग सरपंचांची सून असो वा वस्तीवरची मजूर, प्रत्येकीला निवडले जाण्याची संधी सारखी मिळते.

निवडलेली स्त्री घरी नसेल तर शेजारणीला घेऊ नये, पुन्हा जावे. जी कामावर गेली आहे तिचे रक्त आणि जी घरी सापडली तिचे रक्त वेगळे असू शकते. गरोदर स्त्रियांसाठी रक्तक्षयाची मर्यादा वेगळी असते, म्हणून त्यांची मोजणी वेगळी ठेवावी. अठरा वर्षांखालील मुली या यादीत नसतात, त्यांच्यासाठी शाळेची हजेरी वापरावी लागेल आणि तिच्यातून निघणारे उत्तर फक्त शाळेत जाणाऱ्या मुलींचे असेल.

नऊ आकड्यांचे गणित

रीत समजावी म्हणून लहान उदाहरण घेऊ. समजा, चिठ्ठीने निवडलेल्या नऊ स्त्रियांचे हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटर रक्तात असे निघाले: ९.५, ११, १२.५, १०, ११.५, ८, १२, १०.५ आणि १४ ग्रॅम. बेरीज ९९, सरासरी ११.

आता प्रत्येक आकडा ११ पासून किती दूर आहे ते काढावे, त्या अंतरांचे वर्ग करून बेरीज करावी. ती २५ येते. तिला नवाने नव्हे, आठाने भागायचे. कारण सरासरी याच नऊ आकड्यांतून काढलेली आहे. सरासरी आणि आठ आकडे ठाऊक असले की नववा आपोआप ठरतो, म्हणजे स्वतंत्र माहिती आठांचीच उरते. भागाकार ३.१२५, त्याचे वर्गमूळ सुमारे १.७७. याला प्रमाण विचलन म्हणतात. एक स्त्री दुसरीपासून साधारण किती वेगळी आहे, हे त्यावरून कळते.

दुसऱ्या नऊ जणी निवडल्या असत्या तर सरासरी नेमकी ११ आली नसती. ती किती हलली असती, याचा अंदाज प्रमाण विचलनाला स्त्रियांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागून मिळतो. नवाचे वर्गमूळ तीन, म्हणून १.७७ भागिले ३, म्हणजे ०.५९. नमुना मोठा असेल तर याच्या साधारण दुप्पट अंतर सरासरीच्या दोन्ही बाजूंना सोडतात. नमुना लहान असेल तर दुपटीपेक्षा थोडे अधिक सोडावे लागते. हे काम विल्यम गॉसेट या रसायनतज्ज्ञाने केले. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात त्याला मोजक्याच नमुन्यांवरून निर्णय घ्यावे लागत. १९०८ साली त्याने स्टुडंट या टोपणनावाने आपला लेख छापला. त्याच्या पद्धतीवर आधारलेल्या कोष्टकात नऊ आकड्यांसाठी २.३१ मिळतात. ०.५९ गुणिले २.३१ म्हणजे सुमारे १.३६.

म्हणून उत्तर "गावाची सरासरी ११" असे देऊ नये. "सरासरी सुमारे ९.६ ते १२.४ च्या दरम्यान असावी" असे द्यावे. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १२ आहे. आपला पट्टा तिच्या दोन्ही बाजूंना पसरला आहे. गावाची सरासरी १२ च्या खाली आहे की वर, हे नऊ जणींवरून ठामपणे सांगता येत नाही.

या पट्ट्याला ९५ टक्के भरवशाचा पट्टा म्हणतात. म्हणजे काय? अशाच रीतीने शंभर वेळा नव्याने निवड करून शंभर पट्टे काढले, तर त्यांपैकी साधारण ९५ पट्ट्यांत गावाची खरी सरासरी सापडेल. आपला पट्टा त्या ९५ मधला की उरलेल्या पाचांतला, हे मात्र आपल्याला कळत नाही.

किती जणी तपासाव्यात?

विचलन तेवढेच धरून ३६ स्त्रिया तपासल्या आणि सरासरी पुन्हा ११ आली, तर पट्टा १०.४ ते ११.६ होतो. आता तो पूर्णपणे १२ च्या खाली आहे आणि काहीतरी ठोस सांगता येते. १४४ स्त्रिया तपासल्या तर पट्टा १०.७ ते ११.३ होतो. म्हणजे पट्टा निम्म्याने अरुंद करायला खर्च चौपट. गावकामासाठी कुठे थांबायचे हे यावरून ठरवावे.

या हिशेबात गाव केवढे हा प्रश्न जवळजवळ आलाच नाही, हे लक्षात आले का? आमटी चार माणसांची असो वा लग्नाची, नीट ढवळलेली असेल तर चव पाहायला एकच पळी पुरते. म्हणूनच काही हजार स्त्रियांवरून राज्याचा अंदाज बांधता येतो. आमटी ढवळण्याचे काम चिठ्ठी करते.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करताना हा पट्टा विशेष उपयोगी पडतो. आधी ३६ जणींची सरासरी ११ होती, नंतर नव्या ३६ जणींची ११.३ आली, तर "गोळ्यांनी रक्त वाढले" असे जाहीर करण्याची घाई करू नये. दोन्ही आकड्यांभोवती सहा दशांशांची ढिलाई आहे. तीन दशांशांची वाढ निव्वळ चिठ्ठीच्या खेळातूनही दिसू शकते.

संख्येने न सुटणारी चूक

एक चूक मात्र कितीही स्त्रिया तपासल्या तरी जात नाही. यंत्रच एक ग्रॅम कमी दाखवीत असेल, तर हजार जणींची सरासरीही एक ग्रॅम कमीच येईल. बोट जोराने पिळून थेंब काढला तर रक्तात पेशींमधला द्रव मिसळतो आणि हिमोग्लोबिन कमी दिसू शकते. पहिला थेंब पुसून टाकावा, पुढचा आपोआप येऊ द्यावा आणि सगळ्यांची तपासणी एकाच पद्धतीने करावी.

सरासरी गावाची, उपचार माणसाचा

आता पुन्हा त्या नऊ आकड्यांकडे पाहा. सरासरी ११ म्हणजे सौम्य रक्तक्षय. पण त्यांत एकीचे १४ आहे, तिला काहीच झालेले नाही. दुसरीचे ८ आहे, ती तीव्र रक्तक्षयाच्या उंबरठ्यावर उभी आहे. सरासरी दोघींचीही नाही.

सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी नमुना पाहणीचे शास्त्र पिकांच्या उत्पन्नाच्या अंदाजासाठी वापरले आणि पुढे पोषणाच्या प्रश्नाकडे वळले. समूहाच्या सरासरी गरजेच्या मापाने एकेका माणसाला मोजू नये, हा त्यांचा आग्रह होता. माणूस माणसापासून वेगळा असतो आणि स्वतःच्या कालच्यापासूनही वेगळा असतो. दवाखान्यात बसणाऱ्या माझ्यासारख्याला हे रोज दिसते.

म्हणून सरासरीचा उपयोग ग्रामपंचायतीने आणि आरोग्य केंद्राने करावा: गोळ्या किती मागवाव्यात, जंतांचे औषध द्यावे का, कोणत्या वस्तीत आधी जावे, हे ठरवण्यासाठी. "गावाची सरासरी बरी आहे, मग मला काय होणार?" असे मात्र कोणत्याही भगिनीने म्हणू नये. धाप लागत असेल, पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, जीभ आणि नखे पांढुरकी दिसत असतील, तर स्वतःचे रक्त तपासून घ्यावे. कमी निघाले तर कारण शोधून, डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या पूर्ण मुदतीपर्यंत घ्याव्यात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत. जेवणात लिंबू किंवा आवळा ठेवावा.

आणि ज्या निवडीत एखादीचे हिमोग्लोबिन ८ निघाले, त्या गावच्या कार्यकर्त्यांनी सरासरीचे गणित संध्याकाळी करावे. त्याआधी तिला आरोग्य केंद्रात न्यावे.