रोब्लिंगचा फॅक्टर ऑफ सेफ्टी

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या ओरलला हमखास येणारा प्रश्न : फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणजे काय? आपण व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतो, एक्स्टर्नल मान डोलावतात आणि विषय संपतो. पण हा आकडा ठरवताना इंजिनिअर नेमका कशाला घाबरत असतो, हे मला कळलं ते जॉन रोब्लिंग या माणसाबद्दल वाचताना. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन ब्रिज त्याच्या डोक्यातून निघाला. अशा माणसाचा परिचय करून देताना ‘कुटुंब आणि व्यवसाय यांना वाहून घेतलेला’ असं वाक्य सहज लिहिलं जातं. धंद्यापुरतं ते शंभर टक्के खरं. कुटुंबाच्या बाबतीत मात्र कोणी कोणाला वाहून घेतलं, हे जरा तपासून पाहावं लागतं.

रोब्लिंगचा जन्म १८०६ चा, जर्मनीतल्या म्युलहाउझेन गावचा. बाप तंबाखूचा दुकानदार. पोराने बर्लिनला जाऊन स्थापत्याचं शिक्षण घेतलं, मग प्रशियाच्या सरकारी रस्त्यांच्या कामावर लागला. तिथे साध्या गोष्टीलाही वरून परवानगी आणावी लागे. कंटाळून १८३१ मध्ये तो भाऊ कार्लबरोबर जहाजाने अमेरिकेला गेला. पेनसिल्व्हानियात दोघांनी जमीन घेतली, सॅक्सनबर्ग नावाचं गाव वसवलं आणि हा शिकलेला इंजिनिअर चक्क शेती करू लागला. १८३६ मध्ये गावातल्याच योहानाशी लग्न झालं. पुढच्याच वर्षी कार्ल शेतात ऊन लागून गेला, आणि थोरला मुलगा वॉशिंग्टनही त्याच वर्षी जन्मला. शेती काही जमेना. रोब्लिंग पुन्हा मोजणीच्या कामाकडे वळला, कालव्यांवर सर्व्हेअर म्हणून.

तिथे त्याला त्याचा धंदा सापडला. त्या काळी कालव्याने जाणारा माल मध्ये अ‍ॅलेघेनी डोंगर आला की रेल्वेवर चढवत. डोंगरावर दहा चढ-उतारांचे टप्पे होते. प्रत्येक टप्प्यावर वाफेच्या इंजिनाने दोर ओढून डबे वर घ्यायचे. दोर हेम्पचा, म्हणजे आपल्या अंबाडी-तागासारख्या धाग्याचा, मनगटापेक्षा जाड. तो झिजायचा, कुजायचा, तुटायचा, आणि तुटला की माणसं मरायची. रोब्लिंगने विचार केला, हाच दोर लोखंडी तारेचा का नको? १८४१ मध्ये त्याने घरामागच्या मोकळ्या रानात तारा लांब पसरून, शेजारच्या शेतकऱ्यांना हाताशी धरून त्यांचे पेड वळले, पेडांचा दोर वळला. मशीन वगैरे काही नाही, सगळा हाताचा पीळ. या सगळ्या मजुरांचा स्वयंपाक योहानाच्या गळ्यात. पहिल्याच चाचणीत दोर तुटला. पाहिलं तर जोडापाशी कोणीतरी कापून ठेवलेला! हेम्पवाल्यांचा हात होता, असं वॉशिंग्टनने पुढे लिहून ठेवलंय. दुसऱ्या संधीत मात्र दोर टिकला आणि मग ऑर्डरी सुरू झाल्या. १८४९ मध्ये त्याने कारखाना न्यू जर्सीतल्या ट्रेन्टनला हलवला.

तारेच्या दोराचा खरा फायदा सिव्हिलवाल्यांनी लक्षात घ्यावा. एकाच जाड लोखंडी सळईत कुठे एक दोष निघाला तर सगळंच गेलं. शेकडो तारांमध्ये एखादी तुटली तर बाकीच्या भार वाटून घेतात. याच जोरावर रोब्लिंगने १८५५ मध्ये नायगाऱ्यावर ८२१ फुटांचा झुलता पूल बांधून त्यावरून आगगाडी नेली. तेव्हा झुलते पूल वाऱ्यात पडत होते. १८५४ मध्येच व्हीलिंगच्या पुलाचा मार्ग वादळाने उखडला होता. म्हणून रोब्लिंग केबलवर भिस्त ठेवून थांबला नाही. त्याने कडेने खोल ट्रस लावले, वरून तिरकस तारा ताणल्या.

आता त्याच नायगाऱ्याच्या कामावरची एक गोष्ट. १८५४ च्या सुरुवातीला ट्रेन्टनचा मॅनेजर चार्ल्स स्वान याने पत्रात सहज लिहिलं की बाईसाहेब आणि बाळ बरे आहेत. रोब्लिंगने उलट टपाली विचारलं : कसलं बाळ? मला तर बाळंतपणाचं कोणी कळवलंच नाही. मुलगा एडमंड जन्मला होता! आमच्या रूमवर हे वाचून दाखवलं तेव्हा सगळे हसले. नंतर एकजण म्हणाला, घरून कोणी लिहिलं का नाही, ते सांग ना.

त्याचं उत्तर वॉशिंग्टनच्या आठवणींत आहे. बाप घरात आला की मुलं घाबरून असायची. मार इतका की वाचताना पुस्तक मिटावंसं वाटतं. औषधांवर विश्वास शून्य. दुखणं कुठलंही असो, गार पाण्याचे उपचार, आणि तेही सगळ्या घराला. १८६४ मध्ये योहाना वारली तेव्हा रोब्लिंगने घरच्या बायबलमध्ये लिहिलं की तिने कधी स्वतःचा विचार केला नाही आणि मला त्याची पुरेशी किंमत कळली नाही. एवढं कबूल केलं, हे मला त्याच्या बाजूने मांडावंसं वाटतं. पण उशीर झाला होता.

१८६७ मध्ये ब्रुकलिनच्या पुलाचं काम मिळालं. जून १८६९ अखेर धक्क्यावर उभा राहून तो टॉवरची जागा बघत असताना फेरीबोट आदळली आणि पाय चिरडला. बोटं कापावी लागली. नंतर त्याने डॉक्टरला बाजूला सारून जखमेवर पाण्याची धार धरली. धनुर्वात होऊन २२ जुलैला तो गेला. केबल सहापट ताकदीची हवी म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच्या पायाला एकपटही सेफ्टी ठेवली नाही.

काम आलं बत्तीस वर्षांच्या वॉशिंग्टनकडे. नदीखाली केसॉन उतरवायचे होते, म्हणजे तळ उघडी असलेली अवाढव्य लाकडी पेटी. दाबाची हवा भरून पाणी बाहेर ठेवायचं आणि आत माणसांनी खणायचं. ब्रुकलिनकडचा केसॉन ४४.५ फुटांवर थांबला. न्यूयॉर्ककडे खडक लागेना, आणि वर येणारी माणसं सांध्यांच्या वेदनेने तडफडू लागली, काही मेली. दाबातून भरकन बाहेर आलं की रक्तातला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात सुटतो, हे तेव्हा डॉक्टरांनाही नीट उमगलं नव्हतं. मे १८७२ मध्ये ७८.५ फुटांवर वॉशिंग्टनने वाळूचे थर तपासले, ते लाखो वर्षं हललेले नाहीत असा अंदाज केला आणि खणणं थांबवलं. टॉवर आजही वाळूवर उभा आहे. बापाने हा निर्णय घेतला असता? मला शंका आहे.

त्याच वर्षी वॉशिंग्टन स्वतः या रोगाने अंथरुणाला खिळला. पुढची अकरा वर्षं त्याची बायको एमिली निरोप घेऊन साईटवर जात होती. आधी ती नुसती निरोप्या होती, नंतर केबलचं गणित, मटेरियलची ताकद, स्पेसिफिकेशन सगळं शिकली. कंत्राटदार तिच्याशीच बोलत. वॉशिंग्टन खिडकीतून दुर्बिणीने काम पाही.

१८७८ मध्ये तारेचा घोटाळा निघाला. हितसंबंध नकोत म्हणून विश्वस्तांनी रोब्लिंग कारखान्याला बाजूला ठेवून कंत्राट जे. लॉइड हेगला दिलं होतं. हेगचे लोक पास झालेली तार वाटेत उतरवून गाडीत खराब तार भरत, आणि तीच चांगली तार पुन्हा तपासणीला आणत. कळेपर्यंत बरीचशी केबलमध्ये गेली होती. ती काढता येणार नव्हती. वॉशिंग्टनने हिशोब केला : सहाच्या जागी पाच तरी राहतात. प्रत्येक केबलमध्ये दीडशे तारा हेगच्या खर्चाने वाढवल्या आणि काम पुढे चालू. ओरलला विचारतात तो आकडा इथे कामी आला. वाऱ्याची, वजनाची भीती त्यात असतेच, पण सप्लायरचीही असते.

२४ मे १८८३ ला पूल खुला झाला. त्याआधी एमिली घोडागाडीतून पहिल्यांदा पलीकडे गेली, मांडीवर विजयाची खूण म्हणून कोंबडा घेऊन. एमिली १९०३ मध्ये वारली. भाऊ फर्डिनांड आणि चार्ल्स यांनी कारखाना मोठा केला, आणि तेही गेल्यावर, पुतण्याच्या मृत्यूनंतर, १९२१ मध्ये चौऱ्याऐंशी वर्षांचा वॉशिंग्टन पुन्हा अध्यक्ष झाला. ट्रामने ऑफिसला जायचा. १९२६ मध्ये मरेपर्यंत त्याने ते काम सोडलं नाही.

त्याने बापावर लिहिलेल्या आठवणी २००९ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी डेव्हिड मॅककलोचं ‘द ग्रेट ब्रिज’ घ्यावं. केसॉनची प्रकरणं आधी वाचली तरी चालतील.