गाडीचा खरा खर्च ओळखा : संगणकावर टेम्पोचा हिशोब

मरोळ-साकीनाक्याच्या गाळ्यांत भिवंडीहून कापडाचे तागे येतात आणि तयार माल बाहेर जातो. ही ने-आण पुष्कळदा एक-दोन टेम्पो बाळगणारे आपलेच भाऊ करतात. भाडे ठरविताना मात्र डिझेल व ड्रायव्हरचा पगार एवढाच खर्च धरला जातो. नुकसान नेमके येथेच होते.

उदाहरणादाखल एक टेम्पो घेऊ. तो महिन्याला २,००० किलोमीटर धावतो असे माना.

डिझेल : १८,००० रुपये
ड्रायव्हर : १८,००० रुपये
टायर : २,४०० रुपये (४८,००० रुपयांचा संच ४०,००० किलोमीटर चालतो असे धरून)
विमा, कर, पासिंग : ४,००० रुपये
ऑइल व दुरुस्ती : ३,००० रुपये
घसारा : ६,२५० रुपये (८ लाखांची गाडी ८ वर्षांनी २ लाखांना विकली जाईल असे धरून)

एकूण ५१,६५० रुपये, म्हणजे किलोमीटरला सुमारे २५ रुपये ८० पैसे. पहिल्या दोन बाबीच धरल्या तर खर्च १८ रुपये दिसतो. मग जो २२ रुपयांनी भाडे घेतो, त्याला ४ रुपये सुटल्यासारखे वाटतात, पण प्रत्यक्षात तो पावणेचार रुपये गमावतो. गाडी रिकामी परतत असेल तर परतीचे किलोमीटरही भाड्यात धरावे लागतात.

भागीदारीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. टायर व घसारा न वजा करता नफा वाटला, तर आपण नफा नव्हे, गाडीच वाटून खात असतो. पुढे इंजिनचे काम निघाले की भागीदारांत तंटा होतो. भागीदाराचे भांडवल ही अमानत आहे.

यावर उपाय सोपा आहे. दोन-तीन गाड्यांसाठी महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही, एक्सेल पुरेसे आहे. प्रत्येक गाडीचे वेगळे पान करावे आणि त्यात तारीख, मीटरचे रीडिंग, डिझेलचे लिटर, रक्कम, कामाचा तपशील व फेरीचे भाडे असे रकाने ठेवावेत. टाकी प्रत्येक वेळी पूर्ण भरावी. दोन रीडिंगमधील अंतराला नंतर भरलेल्या लिटरने भागले की खरे ॲव्हरेज मिळते. ते १० वरून ८ वर आले तर प्रथम टायरची हवा, एअर फिल्टर, चिकटलेले ब्रेक व मालाचे वजन तपासा. पुराव्याशिवाय ड्रायव्हरविषयी बदगुमानी करू नये.

विमा, पीयूसी व पासिंगच्या मुदतीही तेथेच लिहाव्यात. मालवाहू गाडीचे पासिंग ८ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी करावे लागते. गाड्या वाढल्या की या तारखांची आपोआप आठवण देणारे सॉफ्टवेअर घ्यावे.

‘टॅली’चा जन्मही व्यापाऱ्याच्या गरजेतूनच झाला. कापड गिरण्यांना माल पुरविणाऱ्या श्यामसुंदर गोयंका यांना सोयीचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचे पुत्र भरत यांनी ते तयार केले. १९८६ मध्ये ही कंपनी सुरू झाली.

परंतु संगणक आपण लिहिले तेवढेच सांगतो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. लिहिण्याची हीच सवय गाडीच्या हिशोबालाही लावावी. पुढच्या वेळी डिझेल भराल तेव्हा पावतीवर मीटरचे रीडिंग टिपून सुरुवात करा. तीन महिन्यांची नोंद हाती आली की भाड्याचा दर नव्याने ठरवा.