न दिसणाऱ्या कृष्णविवराचं वजन कसं करतात?



सूर्यमालेचा पाठ चालू असताना विषय कृष्णविवरावर गेला. 'त्यातून प्रकाशही बाहेर पडत नाही, म्हणून ते दिसत नाही,' असं मी सांगून टाकलं. मागून एकाने विचारलं, "सर, जे दिखस नही, त्यानं वजन कसं करं?" खरं सांगतो, मला उत्तर येत नव्हतं. घरी येऊन वाचलं, ते इथे मांडतोय.

जीआरएस १९१५+१०५ हे उदाहरण घेऊ. नाव गाडीच्या नंबरसारखं, पण ही आकाशातली जोडी आहे: एक कृष्णविवर आणि त्याभोवती फिरणारा एक तारा. ताऱ्याचा वायू विवराकडे ओढला जातो, प्रचंड तापतो आणि क्ष-किरण सोडतो. १९९६ साली सोडलेल्या आयआरएस-पी३ उपग्रहावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची उपकरणं होती. त्यांनीही या क्ष-किरणांची चढउतार टिपली. पण वजनासाठी तारा दिसायला हवा, आणि तो धुळीच्या पडद्याआड.

इथे अवरक्त किरण कामाला येतात. आपल्या साक्रीच्या रस्त्यावरची धूळ जाड असते. अवकाशातले कण फार बारीक, त्यामुळे लांब लहरींचे अवरक्त किरण त्यातून बरेचसे पार होतात. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने २००१ मध्ये असा तारा पकडला. त्याच्या वर्णपटातल्या रेषा कधी इकडे, कधी तिकडे सरकत होत्या, म्हणजे तारा जवळ येत होता, दूर जात होता. एका फेरीला साडेतेहतीस दिवस!

हे मुलांना फुगडीने दाखवा. खोलीत अंधार करा. दोघी फुगडी खेळतील, टॉर्च फक्त एकीच्या कमरेला. टॉर्चच्या फिरण्यावरूनच दुसरी आहे हे कळतं. (ताऱ्यांत हात धरलेले नसतात, गुरुत्वाकर्षण असतं, हे जरूर सांगा.) ताऱ्याचा वेग आणि फेरीचा काळ कळला की गणिताने वजन निघतं. तेव्हा उत्तर आलं सुमारे १४ सूर्यांइतकं, त्यातही चारचा फरक धरून. २०१४ मध्ये अंतर नव्याने मोजल्यावर ते १२ च्या आसपास आलं. मुलांना दोन्ही आकडे सांगा, लपवू नका.

अवरक्त किरण दाखवायला टीव्हीचा रिमोट पुरतो. त्याचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा; डोळ्यांना काही दिसत नाही, पण स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्याने दिसला नाही तर सेल्फीचा वापरून बघा.