साधी विडी, सुगंधी विडी

सोलापूरच्या विडी कामगार वस्त्यांत दारोदारी स्त्रिया मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना दिसतात. शहराजवळ कुंभारी येथे २००६ साली गोदुताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली, ती त्यांच्याचसाठी. मजुरी हजार विड्यांवर ठरते.

विडी आणि चिरूट यांत मुख्य फरक वेष्टनाचा. चिरुटात आत तंबाखू, वरचे वेष्टनही तंबाखूच्या पानाचेच. विडीचे वेष्टन टेंभुर्णीच्या पानाचे. (या नावाचे गाव सोलापूर जिल्ह्यात आहे खरे, पण पाने येतात ती विदर्भातील व मध्य भारतातील जंगलांतून!) दोहोंचेही सुगंधी प्रकार निघाले. १९९०च्या दशकात चॉकलेट, व्हॅनिला, आंबा अशा वासांच्या भारतीय विड्या अमेरिकेत शाळकरी मुलांत लोकप्रिय झाल्या होत्या.

सुगंध मिसळल्याने धुरात काय बदलते?

पेटत्या टोकाच्या मागे लगेच एक भाग असतो. तेथे उष्णता भरपूर, ऑक्सिजन मात्र अपुरा. त्यामुळे तंबाखू पुरता न जळता त्याचे विघटन होते. डांबर व कार्बन मोनॉक्साइड तयार होतात आणि निकोटिनची वाफ झुरक्याबरोबर आत ओढली जाते. व्हॅनिलाचा वास देणारा व्हॅनिलिन हा पदार्थही तसाच वाफ होऊन जातो. तो कार्बन मोनॉक्साइडला अडवीत नाही की डांबर गाळीत नाही. तिकडे रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने कार्बन मोनॉक्साइडला धरून ठेवते. त्यातून टेंभुर्णीचे पान सिगारेटच्या कागदाइतके सच्छिद्र नाही. विडी विझू नये म्हणून झुरके वारंवार घ्यावे लागतात.

म्हणजे धूर तोच. बदलते ती आपल्या शरीराला मिळणारी वर्दी. हे समजण्यासाठी एक निरुपद्रवी प्रयोग करा. पेपरमिंटची गोळी चघळा आणि मग साधे पाणी प्या. पाणी गार लागेल. पेल्यातील तापमापकाचा पारा मात्र जागचा हलणार नाही. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंवरील प्रथिन मेंथॉलमुळेही उद्दीपित होते. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन या दोघांनी मेंथॉल वापरून हे प्रथिन स्वतंत्रपणे शोधले. उष्णता व स्पर्श यांच्या ग्राहींवरील संशोधनासाठी २०२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. लवंगेतील युजेनॉल तर भाग बधिरच करते. दातदुखीवर आजी लवंग देते ती यासाठीच.

पहिल्याच झुरक्याला ठसका लागतो, घसा जळजळतो, ती शरीराने केलेली तक्रार असते. सुगंध ही तक्रार दाबून टाकतो. नवशिक्या मुलाला दुसरा झुरका सोपा जातो आणि तोवर निकोटिन आपले काम करू लागलेले असते. माझ्या मते साध्या विडीपेक्षा सुगंधी विडी याच कारणाने अधिक फसवी आहे. अमेरिकेने २००९ साली सिगारेटींतील सुगंधांवर बंदी घातली. त्यातून मेंथॉल वगळले आणि चिरूटही सुटले. भारतात अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे.

सुपाजवळ बसलेल्या बाईला मात्र सुगंध असो वा नसो, एक झुरकाही न घेता निकोटिन मिळते: बोटांच्या त्वचेतून आणि श्वासाबरोबर जाणाऱ्या खकाण्यातून.