लठ्ठ व चोखंदळ मांजराचा आहार

शिरूर व दौंड तालुक्यांत ऊस व कांदा या पिकांच्या जोडीस दुधाचा धंदा चांगला रुजला आहे. दारी गाय किंवा म्हैस आणि धान्याच्या राखणीस मांजर, अशी येथील अनेक घरांची रीत आहे. धार काढतेवेळी मांजरास दूध मिळते, दुपारी दूधभात व रात्री भाकरीचा काला मिळतो. असे मांजर लठ्ठ होते आणि दुधाची चटक लागल्यावर दुसऱ्या अन्नास तोंड लावीत नाही. अशा वेळी “भूक लागली म्हणजे खाईल” असे म्हणून त्यास उपाशी ठेवण्यात येते. हा उपाय अत्यंत धोक्याचा आहे.

उपास का नको?

लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडल्यास अंगातील चरबी यकृतात साठू लागते. डोळे व हिरड्या पिवळ्या पडतात आणि वेळीच उपचार न झाल्यास जनावर दगावते. म्हणून मांजराने पूर्ण एक दिवस काही खाल्ले नाही, तर त्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

लठ्ठपणाची परीक्षा

बरगड्यांवरून हलकेच बोटे फिरवावीत. दाबल्याशिवाय बरगड्या लागत नसतील आणि वरून पाहता कंबर दिसत नसेल, तर मांजर लठ्ठ समजावे. मांजरास पाटीत बसवून दुकानातील काट्यावर वजन करावे व पाटीचे वजन वजा करावे. सर्वसाधारण मोठ्या मांजराचे वजन साडेतीन ते साडेचार किलो असते.

योग्य आहार

मांजर हा मुळातच मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे द्रव्य त्यास मांस-मासळीतूनच मिळते. ते कमी पडल्यास हृदय दुबळे होते, हे १९८७ साली अमेरिकेतील संशोधनाने सिद्ध झाले. चार किलोच्या घरगुती मांजरास दिवसाकाठी सुमारे २०० कॅलरी पुरतात. म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधातच त्यांपैकी निम्म्या असतात. शिवाय मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचत नाही व हगवण लागते.

ज्या मांजराचे वजन चार किलोवर आणावयाचे आहे, त्यास रोज १०० ते ११० ग्रॅम शिजविलेले बिनहाडाचे कोंबडीचे मांस तीन वेळांत विभागून द्यावे. टॉरिन पाण्यात उतरत असल्याने शिजविलेले पाणीही द्यावे. मासळी शिजवून व काटे काढून द्यावी. नुसत्या मांसात चुना कमी असतो. म्हणून अर्धा किलो मांसास अर्धा चमचा अंड्याच्या टरफलाची बारीक पूड मिसळावी. असा घरगुती आहार महिनोन्‌महिने द्यावयाचा असल्यास पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. माळकरी घरी मांस शिजत नाही. तेथे बाजारातील मांजराचे पूर्ण खाद्य मोजून देणे सोयीचे ठरते.

कांदा-लसूण घातलेला रस्सा मात्र कधीही देऊ नये. त्याने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. कांदा पिकविणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आहार बदलण्याची रीत

१. पहिले तीन दिवस पाव हिस्सा नवे अन्न व पाऊण हिस्सा जुने द्यावे. पुढील तीन दिवस निम्मे-निम्मे, त्यानंतर तीन-चार दिवस पाऊण हिस्सा नवे द्यावे.
२. अन्न कोमट असावे. वास आल्याने चोखंदळ मांजरही खाते.
३. दूध रोज थोडे थोडे कमी करावे. स्वच्छ पाणी सदैव ठेवावे.
४. घरातील एकाच व्यक्तीने मोजून खाऊ घालावे. प्रत्येकाने घास टाकल्यास माप राहत नाही.
५. आहार कमी झाल्यावर मांजर अधिक शिकार करते. म्हणून या काळात घरात उंदरांचे विष ठेवू नये.

महिन्यास २०० ते २५० ग्रॅम वजन उतरल्यास प्रगती योग्य समजावी. याहून घाई करू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दूध उत्पादकांच्या बैठकीत ही माहिती सांगावी आणि मांजरास उपाशी ठेवू नये, हे आवर्जून पटवून द्यावे.