गाभण वराहमादीचे पोट साफ तर पिलांना दूध मुबलक
वनस्पतिजन्य पूरक खाद्याचा योग्य वापर

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात वराहपालन करावयाचे म्हटले की हॉटेल, खानावळी व बेकऱ्यांतील उरलेले अन्न हेच स्वस्त खाद्य म्हणून डोळ्यांसमोर येते. या खाद्यावर डुकरे वाढतात, परंतु गाभण मादीला ते एकट्याने मानवत नाही. मैदा, भात, तेल आणि मीठ त्यात भरपूर असते. चोथा मात्र जवळजवळ नसतो. याचा परिणाम मादी विण्याच्या सुमारास दिसून येतो.

बद्धकोष्ठता का होते?

वराहमादीचा गाभणकाळ सुमारे ११४ दिवसांचा, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे व तीन दिवसांचा असतो. शेवटच्या आठवड्यात गर्भाशयाचा दाब वाढतो, मादीची हालचाल कमी होते व आतड्यांची गती मंदावते. खाद्यात चोथा नसेल आणि पाणीही कमी पडले, तर विष्ठा कडक गोळ्यांच्या स्वरूपात येते किंवा येतच नाही.

तुंबलेल्या आतड्यात अपायकारक जीवाणू वाढतात. त्यांचे विष रक्तात उतरले की दूध तयार करणारे संप्रेरक कमी पडते. प्रसूती लांबते, ताप येतो, कासदाह होऊन दूध आटते. पिलू जन्मतः रोगप्रतिकारशक्ती घेऊन येत नाही. ती त्याला पहिल्या २४ तासांतील चिकातूनच मिळते. म्हणून मादीचे दोन दिवस तुंबलेले पोट म्हणजे अनेकदा अर्धे वेत गमावणे होय.

प्रथम चोथा, मग मसाला

बाजारात पाचक चूर्णे मिळतात. परंतु चोथा व पाणी यांची जागा कोणतेही चूर्ण घेऊ शकत नाही, हे आपण पक्के ध्यानात ठेवावे. युरोपीय संघात तर गाभण मादीला पुरेसे चोथायुक्त खाद्य देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. चोथा पाणी धरून ठेवतो, विष्ठा मऊ ठेवतो व मोठ्या आतड्यात आंबून मादीला दीर्घकाळ पुरणारी ऊर्जा देतो. लांबणाऱ्या प्रसूतीत ही ऊर्जा उपयोगी पडते. आपल्या भागात पुढील पदार्थ सहज मिळतात :

१) गव्हाचा कोंडा : विण्याच्या दोन आठवडे आधीपासून रोजच्या दोन ते अडीच किलो खुराकात ४०० ते ५०० ग्रॅम कोंडा असावा. ही वाढ पाच-सहा दिवसांत हळूहळू करावी.

२) भाताचा कोंडा : बदलापूर परिसरातील गिरण्यांतून मिळणारा ताजा कोंडा वापरावा. त्यातील तेलामुळे तो लवकर खवट होतो. तूस मात्र देऊ नये.

३) हिरवा पाला : लसूणघास, रताळ्याचे वेल, मुळ्याचा पाला, कोबीची बाहेरची पाने स्वच्छ धुऊन दीड ते दोन किलोपर्यंत द्यावीत. सुबाभूळ गाभण मादीला टाळावे.

वालधुनी नदीच्या काठचे गवत, नदीचे पाणी किंवा उल्हास नदीतील जलपर्णी फुकट मिळते म्हणून वापरू नये. कारखान्यांच्या सांडपाण्यातील जड धातू अशा वनस्पतींत साठतात.

ओवा, मेथी व सुंठ

युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यावर १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली. भारतातही २०१९ मध्ये पशुपालनात कोलिस्टिनच्या वापरावर बंदी आली. तेव्हापासून वनस्पतिजन्य पूरकांकडे सर्वत्र लक्ष वेधले गेले आहे. ओव्यात थायमॉल असते, ते जीवाणूंची वाढ रोखते. मेथीदाण्यात बुळबुळीत चोथा असतो. सुंठीने भूक लागते व वायू सरतो.

दोन किलो खाद्यास दहा ग्रॅम, म्हणजे अर्धा टक्का, एवढ्या अल्प प्रमाणात यांपैकी एकच पदार्थ भरडून सुरू करावा. आठवडाभर मादीचे खाणे व विष्ठा पाहावी. उग्र वासाने मादी खाद्य सोडू लागल्यास तो लगेच बंद करावा. आजारी मादीवर हा उपचार नव्हे.

पाणी व विल्यानंतरचा खुराक

दूध देणाऱ्या मादीला दिवसाला २० ते ३० लिटर किंवा अधिक पाणी लागते. लोणचे, पापड, खारवलेली मासळी असलेले अन्न दिले आणि पाणी अपुरे पडले तर मिठाची विषबाधा होते. विण्याच्या दिवशी खाद्य थोडे, पाणी मात्र भरपूर ठेवावे. नंतर आठ-दहा दिवसांत खुराक वाढवून अडीच किलो अधिक दर पिलामागे सुमारे २०० ग्रॅम इतका करावा. कोंड्याने पोट भरते पण ऊर्जा कमी मिळते, म्हणून या काळात त्याचे प्रमाण कमी करावे.

उरलेले अन्न वापरताना

आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग २०२० मध्ये भारतात प्रथम आसाम व अरुणाचल प्रदेशात आढळला. त्यावर औषध नाही आणि त्याचा विषाणू मांसात दीर्घकाळ टिकतो. म्हणून मांसाचे अवशेष असलेले अन्न वापरूच नये. इतर अन्न ढवळत किमान अर्धा तास उकळावे, थंड करून त्याच दिवशी संपवावे. बुरशी आलेला पाव किंवा मका गाभण मादीला कधीही घालू नये. बुरशीच्या विषाने प्रजननात बिघाड होतो.

रोज काय पाहावे?

विण्याच्या आधी एक आठवडा व नंतर एक आठवडा सकाळी मादीची विष्ठा पाहण्याची सवय लावून घ्यावी. विष्ठा मऊ व आकार धरणारी असावी. कडक गोळ्या दिसल्यास पाणी व पाला वाढवावा, मादीला सकाळ-संध्याकाळ फिरवावे. दोन दिवस विष्ठा न झाल्यास, ताप १०४ अंश फॅरनहाइटच्या वर गेल्यास किंवा पिले सारखी ओरडू लागल्यास वाट न पाहता नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील पशुवैद्यकास बोलवावे. अधिक मार्गदर्शनासाठी परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय लोकलच्या एका प्रवासावर आहे.

कोंड्याचा खर्च थोडा आहे. वाचलेल्या एका पिलाच्या किमतीतही तो सहज भरून निघेल.